एका शब्दाची भ्रमंती

इंग्रजी भाषेतील ‘सर्च’ हा शब्द आज मराठी मुलांच्याही परिचयाचा झाला आहे. संगणकाच्या पडद्यावर एक लांबट चौकट असते. तिच्यात दोन शब्द लिहिले की त्या विषयाची माहिती समोर उभी राहते. ह्या कृतीला लहानथोर सारेच ‘सर्च करणे’ म्हणतात. परंतु हा शब्द मूळचा संगणकाचा नव्हे आणि मूळचा इंग्रजांचाही नव्हे. तो इंग्लंडात बाहेरून आला. त्याचा अगदी पहिला अर्थही ‘शोधणे’ असा नव्हता.

प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘किर्कुस’ असा एक शब्द होता. किर्कुस म्हणजे कडे किंवा वर्तुळ. रथांच्या शर्यतींसाठी रोम नगरीत जे विस्तीर्ण लंबगोल मैदान होते, त्यालाही लोक किर्कुसच म्हणत. ह्या नामापासून पुढे ‘किर्कारे’ हे क्रियापद तयार झाले. त्याचा अर्थ भोवती फिरणे, हिंडणे असा होता.

भोवती फिरण्याचा आणि शोधण्याचा संबंध काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तिचे उत्तर नित्याच्या अनुभवात सापडते. संध्याकाळी गुरे घरी परतली आणि एक वासरू मागे राहिले, तर गुराखी काय करतो? तो एका जागी उभा राहत नाही. तो माळाला फेरी घालतो, ओढ्याकाठी जातो, झुडपांच्या मागे डोकावतो आणि पुन्हा फिरून येतो. शोधणे म्हणजे आधी फिरणेच होय. त्यामुळे फिरण्याचा शब्द लोकांच्या तोंडी हळूहळू शोधण्याचा शब्द झाला. इटालियन भाषेतील ‘चेर्कारे’ आणि फ्रेंच भाषेतील ‘शेर्शे’ ही क्रियापदे ह्याच किर्कारेची अपत्ये आहेत. आज दोहोंचाही अर्थ ‘शोधणे’ असाच होतो.

हा शब्द इंग्लंडात गेला तो एका राजकीय उलथापालथीमुळे. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम ह्याने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडचे राज्य घेतले. राजदरबारात, कचेऱ्यांत आणि न्यायालयांत फ्रेंच भाषा सुरू झाली. ‘कोर्ट’ आणि ‘जज्ज’ हे मराठीत रुळलेले शब्द इंग्रजीत आले ते ह्याच वाटेने. ‘सर्च’ हा त्यांचाच सोबती. चौदाव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत चांगला स्थिरावला होता.

तोपर्यंत इंग्रज लोक शोधण्याच्या क्रियेला काय म्हणत असत? त्यांच्यापाशी ‘सीक’ हा स्वतःचा जुना शब्द होता. नवा शब्द आला तरी तो नाहीसा झाला नाही. मुलांच्या लपंडावाला इंग्रजीत आजही ‘हाइड अँड सीक’ असेच म्हणतात. घराची झडती घेण्यास मात्र ‘सर्च’ हा शब्द लागतो. घरगुती शब्द खेळात राहिला आणि दरबारी शब्द कायद्यात गेला.

ह्या दोघांना एक तिसरा सोबतीही आहे. उत्तरेकडील नॉर्वे व डेन्मार्क ह्या देशांतील दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडवर स्वाऱ्या केल्या आणि त्यांतले अनेकजण तेथेच राहिले. त्यांच्या भाषेत ‘रान्न’ म्हणजे घर आणि ‘साका’ म्हणजे शोधणे. ह्या दोहोंच्या मिलाफाने ‘रान्साका’ हा शब्द झाला होता. चोरीचा माल शोधण्यासाठी दुसऱ्याच्या घरात शिरून पाहणे, असा त्याचा अर्थ. ह्या कामाला त्यांच्या कायद्यात कडक नियम होते. झडती घेणाऱ्याने केवळ सैल अंगरखा घालून, कमरेचा पट्टा सोडून आत जावे, असे नॉर्वेच्या एका जुन्या कायद्यात सांगितलेले आहे. आपल्याच कपड्यांत वस्तू लपवून न्यायची, ती तेथे टाकायची आणि घरमालकाला चोर ठरवायचे, असा डाव कोणी खेळू नये हा त्यामागील हेतू. इंग्रजीत आल्यावर मात्र ह्या शब्दाची चाल बिघडली. ‘रॅन्सॅक’ म्हणजे घर उलटेपालटे करणे, लुटणे, असा अर्थ आता त्याला आला आहे. नियम सुटला की झडती आणि लूट ह्यांत फारसे अंतर उरत नाही, हेच जणू त्या शब्दाने दाखवून दिले.

असाच एक प्रसंग पुढे लंडनमध्ये घडला. जॉन एंटिक नावाचा एक लेखक तेथील स्टेपनी भागात राहत असे. सरकारवर टीका करणाऱ्या एका पत्राशी त्याचा संबंध आहे, असा मंत्र्यांना संशय होता. दिनांक ११ नोव्हेंबर १७६२ रोजी नॅथन कॅरिंग्टन व आणखी तीन राजदूत त्याच्या घरात घुसले. लॉर्ड हॅलिफॅक्स ह्या मंत्र्याच्या सहीचा हुकूम त्यांच्यापाशी होता. सुमारे चार तास त्यांनी घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, कुलपे फोडली, पेट्या उघडल्या, खाजगी कागद वाचले आणि पुष्कळसे कागद बरोबर नेले.

एंटिक साधा लेखक होता आणि समोर साक्षात राजाचा मंत्री होता. तरीही तो गप्प बसला नाही. त्याने त्या राजदूतांवर फिर्याद केली. सन १७६५ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड कॅमडेन ह्यांनी निकाल दिला. मंत्र्याला असा हुकूम काढण्याचा अधिकार असेल, तर तो कायद्याच्या ग्रंथांत सापडला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथ पाहिले गेले. त्यांत तसा अधिकार कोठेही आढळला नाही. तेव्हा ती झडती बेकायदेशीर ठरली आणि एंटिकला ३०० पौंड भरपाई मिळाली. राजाच्या माणसांनी घरात शोध केला. न्यायाधीशांनी कायद्यात शोध केला. दुसऱ्या शोधाने पहिल्याला आवर घातला.

ह्या निकालाचा लौकिक दूरवर पोचला. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये जी चौथी दुरुस्ती झाली, तिच्यात ‘सर्च’ हा शब्द ठळकपणे आला आहे. कोणत्या जागेची झडती घ्यावयाची आणि काय ताब्यात घ्यावयाचे, हे हुकुमात नेमके लिहिलेले असावे, असे ती दुरुस्ती सांगते. भारतातही घराची झडती घेताना त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवावे, असा नियम आहे. ह्या साक्षीदारांना मराठीत ‘पंच’ म्हणतात.

‘झडती’ ह्या मराठी शब्दाचे कुळही पाहण्याजोगे आहे. त्याचे नाते ‘झडणे’ व ‘झाडणे’ ह्या क्रियापदांशी आहे. झोळी उलटी करून झाडली म्हणजे तिच्यात जे असेल ते खाली पडते. संस्कृतातील ‘गवेषणा’ हा शब्द तर सरळ गोठ्यातून निघालेला आहे. गो म्हणजे गाय आणि एषणा म्हणजे इच्छा. गाई मिळवण्याची इच्छा, गाईंचा शोध, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे कोणत्याही शोधाला गवेषणा म्हणू लागले. रोमन माणसाला शोधताना फेरी दिसली, भारतीय माणसाला गाय दिसली.

मराठीचा रोजचा शब्द मात्र ‘शोध’. तो ‘शुध्’ ह्या संस्कृत धातूपासून झाला आहे आणि शुध् म्हणजे शुद्ध होणे. सुपात धान्य पाखडले की फोल उडून जाते, खडे वेगळे होतात आणि दाणे उरतात. नको ते दूर करून हवे ते हाती घेणे, हा शोध. ‘सर्च’पासून इंग्रजीत ‘रिसर्च’ म्हणजे बारकाईने, पुन्हा पुन्हा धुंडाळणे हा शब्द झाला, तर मराठीत ‘शोध’पासून ‘संशोधन’. गंमत अशी की, हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. तेथे शुद्ध करण्याचा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

आता पुन्हा संगणकाकडे वळावे. चौकटीत शब्द लिहिताच उत्तरे येतात, कारण त्यामागील काम आधीच होऊन गेलेले असते. माहितीच्या महाजालात असंख्य पाने एकमेकांना दुव्यांनी जोडलेली आहेत. यांत्रिक आज्ञावली एका पानावर जाते, तेथील दुवे टिपते, त्यांवरून दुसऱ्या पानावर जाते, आणि अशी सतत फिरत राहते. ह्या फेऱ्यांतून एक प्रचंड सूची तयार होते आणि विचारणाऱ्याला त्या सूचीतून उत्तर मिळते. म्हणजे रोमन लोकांचा ‘किर्कारे’ आज यंत्राच्या पायांनी फिरत आहे.

फिरण्याचे काम यंत्राने अंगावर घेतले. परंतु त्याने गोळा करून आणलेल्या राशीत दाणे असतात, तसे खडेही असतात. ते निवडण्याचे काम ज्याने प्रश्न विचारला त्याचेच असते. तेथे इंग्रजी शब्दाचा अर्थ अपुरा पडतो आणि मराठी शब्दाचा अर्थ उपयोगी येतो. फेरी घालणे हा शोधाचा आरंभ. पाखडून घेणे ही त्याची पूर्तता.

स्वाध्याय

१. ‘भोवती फिरणे’ ह्या अर्थाचा शब्द ‘शोधणे’ ह्या अर्थाने कसा वापरला जाऊ लागला?
२. नॉर्वेच्या जुन्या कायद्यात झडती घेणाऱ्याच्या कपड्यांविषयी कोणता नियम होता? त्याचे कारण सांगा.
३. जॉन एंटिकने फिर्याद केली नसती तर काय झाले असते, असे तुम्हांस वाटते?
४. ‘शोध’, ‘झडती’, ‘गवेषणा’ ह्या शब्दांचे मूळ अर्थ लिहून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून शोधण्याच्या अर्थाचे आणखी पाच मराठी शब्द जमवा.