एका झाडाचे तीन बहार

थंड देशांच्या उद्यानांत आयरिस नावाचे फुलझाड वसंतात फुलते; त्याच्या काही जातींना शरदात पुन्हा फुले येतात. एकदा फुललेला कोंब पुन्हा फुलत नाही. त्याच्या बाजूस फुटलेले नवे कोंब त्याच वर्षी पक्व झाले, तरच दुसरा बहार येतो. बहार हा केवळ ऋतूचा प्रसाद नसून झाडाच्या पूर्वतयारीचे फळ होय.

हाच नियम विदर्भातील संत्र्याच्या बागांत निराळ्या रूपाने दिसतो. तेथे संत्र्यास वर्षातून तीनदा फुले येऊ शकतात: जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. तिन्ही बहार राखल्यास झाडातील अन्न विभागले जाते व एकही पीक भरघोस येत नाही. म्हणून बागाईतदार एकच बहार निवडतो.

कडक थंडीच्या प्रदेशांत झाडाची वाढ थंडीने थांबते. विदर्भात हे कार्य मुख्यत्वे पाणी तोडून साधावे लागते. यासच ‘ताण देणे’ म्हणतात. वाढ थांबली की शाखांत पिष्टमय द्रव्यांचा साठा होतो आणि पुढे पाणी मिळताच नव्या फुटीबरोबर फुले येतात. आंबियासाठी डिसेंबरच्या सुमारास, तर मृगासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस ताण देतात.

ताण किती द्यावा, हे जमिनीवर अवलंबून असते. विदर्भाच्या पूर्वेस, रायपूरजवळील उरल्यासारख्या गावी कोणी परसात संत्रे लावले, तरी त्याने प्रथम माती पाहावी. छत्तीसगडातील ‘कन्हार’ ही काळी, भारी जमीन ओल दीर्घकाळ धरते. तेथे ताण बसण्यास अधिक दिवस लागतात. ‘भाटा’ ही मुरमाड जमीन लवकर वाळते. तेथे थोडे दिवस पुरतात.

निवडीत धोकाही आहे. आंबियाची कोवळी फळे भर उन्हाळ्यात पोसावी लागतात. विहीर आटल्यास ती गळतात. मृगाचा भरवसा पावसावर. तो लांबला की बहार चुकतो. ताण चालू असता अवकाळी पाऊस आल्यास ताण मोडतो. उलट, ताण अति झाल्यास पाने झडून फांद्या वाळतात आणि कित्येक वर्षांच्या श्रमाने वाढविलेले झाडच धोक्यात येते.

यास्तव पाने किंचित मलूल होऊन गळू लागताच ताण तोडावा, पहिले पाणी हलके द्यावे व पुढील पाणी क्रमाने वाढवावे. झाडास विश्रांती द्यावी, उपासमार घडवू नये. पुढील वर्षाचा बहार याच विवेकावर अवलंबून असतो.