हिवाळ्यात हानिया

प्रश्न : भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर, बंदराच्या गावात महिनाभर निवांत राहावं अशी आम्हा नवरा-बायकोची फार दिवसांची इच्छा आहे. उन्हाळ्यातली गर्दी आणि तेव्हाचे दर आम्हाला परवडणारे नाहीत. हिवाळ्यात गेलो तर तिथे सगळं बंद असतं का? आम्ही शाकाहारी आहोत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर जा, पण बेट पारखून घ्या. सँटोरिनीसारखी बेटं मुख्यतः पर्यटनावर चालतात. नोव्हेंबर लागला की तिथली बरीचशी हॉटेलं आणि खानावळी कुलपं लावतात. हिवाळ्यात राहायला गाव असं हवं, की पाहुणे गेले तरी त्याचा स्वतःचा संसार चालू राहतो. माझ्या मते त्यासाठी ग्रीसच्या क्रीट बेटावरचं हानिया उत्तम. वस्ती 50 हजारांहून जास्त, जवळच तांत्रिक विद्यापीठ. त्यामुळे विद्यार्थ्यांनी भरलेली कॉफीची दुकानं जानेवारीतही उघडी असतात. 1971 पर्यंत क्रीटची राजधानी इथेच होती.

जुनं बंदर व्हेनिसच्या लोकांनी बांधलेलं. जहाजं दुरुस्त करायच्या त्यांच्या कमानदार दगडी गोद्या अजून काठावर उभ्या आहेत. 1645 मध्ये गाव ऑटोमन तुर्कांच्या हाती गेलं. धक्क्यावरची घुमटाची मशीद त्यांची, आणि दीपगृहाचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकातल्या इजिप्शियन अमलातलं. उन्हाळ्यात हे सगळं खुर्च्या-छत्र्यांच्या आड जातं. हिवाळ्यात सकाळी धक्क्यावर उभं राहिलं की दक्षिणेला 2,400 मीटरहून उंच लेफ्का ओरी डोंगरांवरचा बर्फ दिसतो. मात्र बंदराचं तोंड उत्तरेला आहे. उत्तरेचा वारा पिसाळला की लाटा धक्का ओलांडून थेट दुकानांच्या दारांपर्यंत येतात. अशा दिवशी आतल्या गल्ल्यांतून फिरावं.

हवा आपल्या नाशिकच्या थंडीसारखी समजू नका. रात्रीचे 8-9 अंश तुम्हाला ओळखीचे वाटतील, दुपारचे 14-15 मात्र नाही. शिवाय क्रीटमध्ये पाऊसही याच दिवसांत पडतो. जुन्या भागातली दगडी घरं दमट असतात, पायाखाली फरशी बर्फासारखी लागते. घर ठरवताना ते गरम ठेवायची सोय काय आहे आणि तिचा खर्च भाड्यात धरलाय का, हे आधी विचारा. भाड्याच्या रकमेपेक्षाही हा प्रश्न महत्त्वाचा. डिसेंबर-जानेवारीत मधूनच वारा पडतो आणि स्वच्छ ऊन पडतं. ग्रीक लोक या दिवसांना आल्कियोनीचे दिवस म्हणतात. तेव्हा सगळं गाव बाहेर येऊन बसतं.

जेवणाची चिंता मुळीच करू नका. 15 नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत ऑर्थोडॉक्स चर्चचा उपवास असतो. तो पाळणारे मांस, अंडी आणि दूधदुभतं खात नाहीत. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं आहे का, असं विचारा. मात्र त्यात कोळंबी, माकुल चालतात, तेवढं तपासून घ्या. मसूर, मोठे पांढरे घेवडे, आणि पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या रानभाज्या उकडून, वर तेल-लिंबू. स्तामनागाथी ही कडसर भाजी सोडू नका.

आणि ते तेल! ऑलिव्हची तोडणी ऐन हिवाळ्यात होते. झाडाखाली जाळी अंथरतात, काठ्यांनी किंवा यंत्राच्या फणीनं फांद्या झोडतात, पोती भरून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घाण्यावर नेतात. नळीतून पडणारं ताजं तेल हिरवं, गढूळ असतं. पावाच्या तुकड्यावर घेऊन खाल्लं की आधी ताज्या गवताचा वास येतो, मग घशात मिरचीसारखी झणझणी उठते, थोडा खोकलाही येतो. ती झणझणी तेल ताजं असल्याची खूण. खेड्यातल्या घाण्यावर विनंती केलीत तर बहुधा आत बोलावतील. बाटलीतल्या तेलाला ही चव सहसा नसते, म्हणून एवढ्यासाठी तरी हिवाळ्यात जावं असं मी म्हणेन.

6 जानेवारीला धर्मगुरू बंदराच्या पाण्यात क्रूस टाकतात आणि तो आणायला तरुण मुलं गार पाण्यात उड्या घेतात. तेवढा दिवस गाठाच.

मात्र क्रीटमधली सामारिया दरी मेपर्यंत बंद असते, दक्षिण किनाऱ्याच्या बसफेऱ्याही कमी होतात. अथेन्सजवळच्या पिरेउसहून रात्रीची बोट सकाळी हानियाजवळच्या सूदा बंदराला लागते, पण वादळात बोटी सोडत नाहीत. परतीच्या विमानाआधी दोन दिवस हाताशी ठेवा.