सांगितले की विकले?

पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले बाजाराचे मोठे गाव. मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले. येथील बाजार समितीत टोमॅटो येतो, कांदा येतो. माल घ्यायला परराज्यांतले व्यापारी येतात. त्यांच्याशी आपले हिंदीत भागते. पण आसपासच्या शिवारातली द्राक्षे परदेशी जातात. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून १९९१ साली 'महाग्रेप्स' ही संस्था उभी केली, ती त्याच कामासाठी. परदेशचे गिऱ्हाईक आले की इंग्रजीत बोलते. म्हणून आज आपण चार इंग्रजी शब्द शिकू. से, टेल, स्पीक आणि टॉक.

चारही शब्द तोंडाने बोलण्याचेच. मग चार कशाला? अहो, आपल्या मराठीतही म्हणणे आहे, सांगणे आहे, बोलणे आहे. तसेच हे.

'से' म्हणजे म्हणणे. तोंडातून कोणते शब्द निघाले ते 'से' दाखवतो. 'ही सेज, द रेट इज लो.' तो म्हणतो, भाव कमी आहे.

'टेल' म्हणजे सांगणे. सांगायचे तर ऐकणारा हवाच. म्हणून 'टेल'च्या पाठोपाठ माणूस येतो. 'टेल मी', मला सांगा. 'टेल हिम', त्याला सांगा. 'से मी' असे मात्र होत नाही. तेथे मध्ये 'टू' लागतो. 'से टू मी.'

'स्पीक' म्हणजे बोलणे. भाषेचे नाव आले की हाच शब्द. 'आय स्पीक मराठी', मी मराठी बोलतो. फोनवर कोणाला बोलवायचे असले तरी हाच. 'मे आय स्पीक टू द मॅनेजर?' मॅनेजरसाहेबांशी बोलू का?

'टॉक' म्हणजे दोघांनी आपसात बोलणे. 'वुई विल टॉक टुमॉरो.' उद्या आपण बोलू.

आपल्याकडे पुष्कळ लोक 'तो मला म्हणाला' याऐवजी 'तो मला बोलला' असे म्हणतात. एकाच 'बोलणे' या शब्दावर आपण सगळी कामे काढतो. त्याच सवयीने इंग्रजीत 'ही स्पोक मी' असे तोंडात येते. बरोबर आहे 'ही टोल्ड मी'. पण एवढे चुकले तरी घाबरू नका. समोरचा समजून घेतो.

एका ठिकाणी मात्र जपून राहा. 'टेल'चे होऊन गेलेले रूप 'टोल्ड'. म्हणजे सांगितले. विकण्याला शब्द आहे 'सेल'. त्याचे रूप 'सोल्ड'. म्हणजे विकले. टोल्ड आणि सोल्ड, पहिल्या अक्षराचाच काय तो फरक! फोनला खरखर असली, शेजारी लिलावाची ओरड चालली असली, तर एकाचे दुसरे ऐकू येते. तुम्ही म्हणाल, भाव सांगितला. तो समजेल, माल विकला. मग तो गाडी पाठवील आणि भांडण उभे राहील.

यावर उपाय सोपा आहे. भाव सांगितला, पण सौदा झाला नाही, तर स्पष्ट म्हणा, 'नॉट सोल्ड.' विकला नाही. सौदा ठरला तर भाव, वजन आणि दिवस पुन्हा एकदा बोलून घ्या. मग कागदावर किंवा फोनवर लिहून पाठवा. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा उपयोग येथेच करायचा. समोरच्याचे बोलणे कळले नाही तर लाजू नका. म्हणा, 'प्लीज, से इट अगेन.' कृपा करून पुन्हा म्हणा. न कळता 'येस, येस' म्हणणे महागात पडते.

सांगा पाहू:
१. 'मला भाव सांगा' यात कोणता शब्द येईल, से की टेल?
२. 'ती इंग्रजी बोलते' यात कोणता शब्द येईल?
३. भाव सांगितला, माल विकला नाही. फोनवर कोणते दोन शब्द म्हणाल?