निषादीचा प्रश्न : स्त्रीलिखित पुनर्कथनांतील एक पेच

पुराणकथांतील स्त्रीव्यक्तिरेखा घेऊन लेखिकांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांविषयी आपल्या समीक्षेत एक वाक्य हमखास येते : लेखिकेने उपेक्षित स्त्रीला न्याय दिला. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत तर ते इतक्यांदा भेटते की त्याला गुण द्यावेत की कापावेत, हे कळेनासे होते. 'न्याय दिला' म्हणजे मूळ कथेत जी गप्प होती तिला बोलते केले, असे बहुधा अभिप्रेत असते. परंतु गप्प असलेल्या सगळ्याच स्त्रिया सारख्या कारणाने गप्प नसतात, आणि एकीला बोलते करताना दुसरीचे मौन अधिक गडद होण्याचा संभव असतो. महाश्वेता देवी (१९२६–२०१६) यांच्या 'कुंती ओ निषादी' या बंगाली कथेच्या आधारे हा पेच तपासण्याचा येथे विचार आहे.

मराठी वाचकाच्या मनातील कुंती मुख्यतः इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधून (१९६७) आलेली आहे. पित्याने दुसऱ्याच्या घरी देऊन टाकलेली, ऋषीच्या सेवेला जुंपलेली, पुढे पंडूच्या वाट्याला आलेली ही स्त्री पुरुषांच्या निर्णयांचे भोग भोगते. 'युगान्त' हे ललित पुनर्कथन नव्हे, ते चिकित्सक लेखन आहे. तरी पुढील अनेक पुनर्कथनांची मनोभूमी त्याने तयार केली, हे मान्य करावे लागते. अरुणा ढेरे यांच्या 'कृष्णकिनारा'त राधा आणि द्रौपदी यांच्यासमवेत कुंतीही येते आणि तिच्या अंतर्मनाचा तळ शोधण्याचा प्रयत्न होतो. या वाटेने जाणारी लेखिका राजस्त्रीच्या जवळ जाऊन बसते. तेथून जे दिसते ते खरेच असते. मात्र तेथून राजवाड्याच्या दारापलीकडचे फारसे दिसत नाही.

आदिपर्वातील लाक्षागृहाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. रात्री कुंती अन्नदान करते. पाच पुत्रांसह एक निषादी अन्नाच्या आशेने येते, मद्य पिऊन मुलांसह तेथेच निजते. भीम आग लावतो. सकाळी सहा जळालेली प्रेते पाहून लोक पांडव गेले असे समजतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत येथे एक विलक्षण विसंगती आहे. निषादी योगायोगाने, कालाच्या प्रेरणेने आली, असे निवेदक सांगतो. पण त्याआधीच युधिष्ठिराने भावांना बेत सांगितलेला आहे : पुरोचनाला जाळावे, सहा जीव येथे ठेवावेत आणि कोणाच्या नकळत निसटावे. सहा हा आकडा आधी ठरलेला असेल तर योगायोग उरतो कोठे? व्यासांनी हे दोन्ही शेजारी ठेवले आहे आणि त्यावर भाष्य केलेले नाही. महाश्वेता देवींची कथा नेमकी या फटीतून आत शिरते.

कथेचा काळ युद्धोत्तर आहे. धृतराष्ट्र-गांधारीसमवेत वनात आलेली कुंती रोज समिधा गोळा करायला जाते आणि एकांतात आपली पापे मोठ्याने उच्चारते. कर्णाचा जन्म, त्याचा त्याग, सांगायला झालेला उशीर. आसपास निषाद स्त्रिया वावरत असतात. त्यांना आपली भाषा कळत नाही, असे कुंतीने गृहीत धरलेले आहे. त्यांची भाषा तर तिने कधी शिकलेलीच नाही. हे गृहीतक या कथेचे मर्मस्थान आहे असे मला वाटते. समोर माणूस आहे हे ठाऊक असूनही एकांत आहे असे मानणे, ही राजस्त्रीची सवय. मग एक दिवस त्यांतील एक वयस्क स्त्री तिच्याच भाषेत बोलू लागते. ती जळालेल्या निषादीची सून आहे. एवढी पापे आठवली, त्यांत ती रात्र कशी नाही, असे ती विचारते. कुंतीला ती रात्र खरोखरच आठवलेली नसते.

येथे पुनर्कथनाचे केंद्र सरकते. नायिकेच्या दुःखाला वाचा देणे बाजूस राहते आणि तिचे विस्मरण कथाविषय होते. विवाहापूर्वीच्या मातृत्वाचा जो अपराधभाव कुंतीने आयुष्यभर वाहिला, तो निषादीच्या समाजात अपराधच ठरत नाही. आणि जे कुंतीच्या लेखी घडलेच नाही, ते तिथे अक्षम्य आहे. पापाची दोन मापे अशी समोरासमोर येतात तेव्हा 'स्त्रीचे दुःख' हे एकवचन मोडते.

या ठिकाणी आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'मधील संग्रह असो वा तारा भवाळकरांनी लोकपरंपरेचा केलेला अभ्यास असो, दळणारी बाई सीतेला आपल्याच घरची लेक मानते हे त्यांतून दिसते. सीतेचा वनवास तिला सासुरवासाच्या भाषेत कळतो. हा जिव्हाळा अस्सल आहे. पण कुंती आणि निषादी यांच्यात असा कोणताही जिव्हाळा शक्य नाही. त्यांच्यामध्ये सहा प्रेते आहेत. भगिनीभाव गृहीत धरून चालणाऱ्या स्त्रीवादी समीक्षेने ही कथा अभ्यासक्रमात ओव्यांच्या शेजारी ठेवून वाचावी.

कथेत उणिवाही आहेत. निषादीचे बोलणे फार मुद्देसूद झाले आहे; तिच्या मुखातून अधूनमधून लेखिकाच खटला चालवते. कुंतीचे न आठवणे जेवढे कलात्मक आहे, तेवढे निषादीचे प्रतिपादन नाही.

शेवट मात्र सामर्थ्याचा आहे. निषादांनी वणव्याची चाहूल वनातल्या खुणांवरून ओळखलेली असते. ते निघून जातात. कुंती आगीची वाट पाहत थांबते. आश्रमवासिक पर्वात हेच मरण वेगळ्या रीतीने येते. आई सामान्य, असंस्कारित अग्नीत गेली, या कल्पनेने युधिष्ठिर व्याकुळ होतो. अर्जुनाने खांडववन देऊन तृप्त केलेला अग्नी कृतघ्न निघाला, असे म्हणतो. तो अग्नी धृतराष्ट्राच्याच यज्ञाचा होता, असे सांगून नारद त्याचे समाधान करतात. त्या विलापात खांडववन आहे, लाक्षागृहातली निषादी नाही.