जुन्या ट्रॅक्टरचे अडखळणारे इंजिन : दोष शोधण्याचा योग्य क्रम

रायपूर येथील तेलीबांधा चौकातून पूर्वेकडे निघणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ (आताचा ५३) लाभांडी येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाजवळून आरंगच्या धानपट्ट्यात शिरतो. हाच मार्ग पश्चिमेस राजनांदगाव, देवरी व साकोलीवरून जात छत्तीसगडच्या मैदानाला गोंदिया-भंडाऱ्याच्या धान प्रदेशाशी जोडतो. दोन्हीकडे खरिपाचे वेळापत्रक जवळपास सारखेच असते. बांधीत पाणी साचले की चिखलणी व रोवणीसाठी मोजकेच दिवस मिळतात. रोवणी लांबल्यास पऱ्हे वयस्क होतात, त्यांना फुटवे कमी येतात आणि त्याचा परिणाम उत्पादनावर होतो.

अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन अडखळू लागले, म्हणजे प्रचलित भाषेत ‘मिस मारू’ लागले, की बहुधा थेट फ्युएल पंप उघडला जातो किंवा नोझल बदलले जातात. पंपाच्या दुरुस्तीत पैसा व दिवस दोन्ही खर्ची पडतात. दोष मात्र पुष्कळदा डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेत किंवा पाण्यात असतो. म्हणून तपासणी नेहमी सोप्या व बिनखर्चिक बाबींपासून सुरू करून क्रमाने अवघड बाबींकडे न्यावी.

अडखळण्यामागील कारण

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे सुरळीत ज्वलनासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात : पुरेशी स्वच्छ हवा, योग्य वेळी व योग्य प्रमाणात फवारलेले डिझेल आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक ज्वलन होते. मिनिटाला ७५० फेरे या मंद गतीवर ही संख्या सेकंदाला सुमारे २५ होते. त्यांपैकी एक सिलिंडर निकामी असल्यास सेकंदाला सुमारे सहा वेळा धक्का चुकतो व संपूर्ण ट्रॅक्टर थरथरतो.

प्रथम निरीक्षण

पान्हा हाती घेण्यापूर्वी पुढील नोंदी कराव्यात.

१. दोष इंजिन थंड असताना दिसतो, गरम झाल्यावर दिसतो की सतत असतो?
२. तो मंद गतीवर जाणवतो की नांगर वा रोटाव्हेटरचा भार पडल्यावर?
३. अडखळणे ठरावीक ताल धरून होते की अनियमित? ताल धरून होणारा दोष बहुधा एका सिलिंडरचा असतो. गती आपोआप वर-खाली होत असल्यास डिझेलमधील हवा किंवा गव्हर्नर यांचा संशय घ्यावा.
४. धुराचा रंग कोणता? काळा धूर हवेची कमतरता किंवा डिझेलचे आधिक्य दर्शवितो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलमुळे किंवा पाण्यामुळे येतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत असल्याची खूण होय.

डिझेल व हवेचा मार्ग

उन्हाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत बाष्प साचून डिझेलमध्ये पाणी उतरते. त्यासाठी टाकीच्या तळाचे व फिल्टरच्या वाटीतील डिझेल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवावे. पाणी व गाळ तळाशी दिसतात. टाकीच्या झाकणातील श्वासछिद्र बुजलेले असल्यास इंजिन काही काळ नीट चालून मग दम तोडते. झाकण सैल करताच ते सुधारले, तर दोष तेथेच आहे असे समजावे.

त्यानंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागल्यावर स्क्रू घट्ट करावा व हीच कृती पंपावरील स्क्रूवर करावी. हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल, तर टाकी व फीड पंप यांमधील नळी, वायसर व जोड तपासावेत. या भागात ओढ असल्याने डिझेल बाहेर न गळताही हवा आत येते. म्हणून जोड कोरडा दिसला तरी तो निर्दोष आहे असे मानू नये.

धुळीच्या रस्त्यांवर वापरलेल्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर चटकन कोंदतो. ऑइल बाथ प्रकारात वाटीतील चिखलयुक्त तेल काढून खुणेपर्यंत नवे भरावे. खुणेच्या वर तेल भरू नये; ते इंजिनात ओढले जाते.

दोषी सिलिंडर ओळखणे

इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका नोझलकडे येणाऱ्या उच्चदाब नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा. आवाज बदलला व गती घटली, तर तो सिलिंडर काम करीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरात आहे. नट पुन्हा घट्ट करून पुढच्याकडे जावे.

ही चाचणी जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांपुरतीच मर्यादित आहे. इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल इंजिनावर ती कदापि करू नये. नटावर जाड कापड धरावे, चेहरा व हात दूर ठेवावेत आणि डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडू देऊ नये. उच्चदाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. अशी इजा वरून किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

दोषी सिलिंडर सापडल्यावर त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर केवळ ते एक नोझल चाचणीयंत्रावर तपासून घेणे पुरेसे होते. दोष जागीच राहिला, तर त्या सिलिंडरचे टॅपेट अंतर फीलर गेजने मोजावे व नंतर दाब तपासावा. दाब कमी आढळल्यास व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट यांचा विचार करावा. लगतचे दोन सिलिंडर एकाच वेळी निकामी आढळल्यास त्यांच्यामधील गॅस्केट जळाल्याचा संशय प्रथम घ्यावा. दाबही योग्य असेल, तरच पंप उघडण्याचा निर्णय घ्यावा.

काम केव्हा थांबवावे

ऑइलची पातळी न भरता वाढली व त्यास डिझेलचा वास आला, तर इंजिन लगेच बंद करावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही आणि साध्या दोषाचे रूपांतर क्रँकशाफ्टच्या खर्चात होते. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसणे किंवा ऑइल दुधाळ होणे हीदेखील काम थांबविण्याची लक्षणे होत.

वरील तपासणी मे महिन्यातच केल्यास सुटे भाग मिळविण्यास व मिस्त्रीची वेळ घेण्यास अवधी राहतो. प्रत्येक पायरीचा निष्कर्ष तारखेसह वहीत नोंदवावा आणि ती वही मिस्त्रीला दाखवावी. त्यामुळे जे तपासून झाले आहे, त्यावर पुन्हा खर्च होत नाही.