मामाचे घर आणि देवाचे वचन

पाठभाग : उत्पत्ती २८:१० ते २९:३० व ३१:१-५५

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा भोपाळमध्ये जन्मला व तेथेच लहानाचा मोठा झाला. त्याची आई काही वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजली. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो प्रथमच एकटा आपल्या आजोळी, पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेला. एस. टी. थांब्यावर मामा न्यायला आले होते. त्यांनी त्याला पोटाशी धरले. मामींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याची हिंदी वळणाची मराठी ऐकून मामेभावंडे हसली, पण जेवताना त्यालाच मध्ये बसवले. पाचव्या दिवशी मात्र मामांनी एक कागद पुढे केला. ते हक्कसोडपत्र होते. आजोबांच्या शेतातील आईचा वाटा मामांच्या नावे सोडून द्यायचा होता. "घरातलीच गोष्ट आहे," मामा म्हणाले.

त्याने सही केली नाही. "बाबांशी बोलून सांगतो," एवढेच म्हणाला. परत आल्यावर त्याने आम्हांला विचारले, "काका, मग पहिल्या दिवशीचे ते प्रेम खोटे होते का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला याकोबाची आठवण झाली. प्रिय वाचकहो, पवित्र शास्त्रातील हा तरुणही मामाच्या गावी गेला होता.

१. मामाच्या दारी

एसावाच्या क्रोधापासून वाचावे म्हणून रिबकेने याकोबाला आपल्या भावाकडे धाडले. थोडेच दिवस राहा, असे तिने सांगितले (२७:४४). बैर-शेबा ते हारान हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. हारान आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सीरियाच्या सीमेजवळ आहे. अब्राहामाचा पिता तेरह ऊर सोडून तेथेच स्थायिक झाला होता (११:३१). याकोबाने ते गाव कधी पाहिले नव्हते, तरी विहिरीवरील अनोळखी मेंढपाळांना तो पहिल्याच वाक्यात बंधू म्हणून संबोधतो (२९:४). राहेल दिसताच त्याला रडू कोसळते.

मूळ इब्री पाठात दहाव्या वचनात 'त्याच्या आईचा भाऊ' हे शब्द तीन वेळा येतात. मराठीत त्यासाठी 'मामा' हा एकच सुटसुटीत शब्द आहे. परंतु तो तीनदा वापरला तरी मूळचा भार पूर्णपणे उतरत नाही, कारण लेखकाला प्रत्येक वेळी आईची आठवण करून द्यायची आहे. घर सोडून आलेल्या मुलाला मामाच्या शेळ्यामेंढ्यांतही आई दिसत होती.

लाबान धावत आला. त्याने भाच्याला मिठी मारली, मुके घेतले, घरी नेले आणि तू माझ्याच हाडामांसाचा आहेस असे म्हटले. हे शब्द खोटे होते असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

२. 'भाऊ' या शब्दाची दोन टोके

महिनाभराने लाबान मजुरीचा विषय काढतो. तू माझा भाऊ, म्हणून फुकट राबावेस काय, असे तो विचारतो (२९:१५). इब्री भाषेत 'आह' या शब्दात सख्खा भाऊ, भाचा, भाऊबंद असे सर्व येतात. जो शब्द विहिरीवर प्रेमाने उच्चारला गेला, तोच येथे सौद्याच्या आरंभी येतो. पुढचे आपण जाणतो. राहेलीसाठी सात वर्षे, लेआ पदरी आल्यावर आणखी सात, मग कळपांसाठी सहा. दहा वेळा मजुरी बदलली (३१:४१). थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली. आईची पुन्हा भेट झाल्याची नोंद शास्त्रात नाही.

म्हणजे एकाच मामाच्या अंगी माया होती आणि लोभही होता. आपल्या कुटुंबांतही हेच घडते. म्हणून आम्ही पुतण्याला सांगितले, "बाळ, प्रेम खरे होते. कागदही खरा होता. एकामुळे दुसरे नाकारू नकोस." भारतीय वारसा कायदा, १९२५ अन्वये ख्रिस्ती कन्येचा वाटा पुत्राइतकाच असतो. आईचा हक्क भिडेपोटी सोडणे ही नम्रता नव्हे.

३. माझे गाव कोणते?

पुतण्याचा दुसरा प्रश्न अधिक खोल होता. "तिकडे मी 'भोपाळवाला', इकडे 'मराठी'. मग माझे गाव कोणते?"

इब्रीत 'मोलेदेत' असा एक शब्द आहे. 'जन्म देणे' या धातूपासून तो बनला. त्यात जन्मभूमी आणि गणगोत हे दोन्ही अर्थ असल्यामुळे भाषांतरकाराची नेहमी अडचण होते. अब्राहाम आपल्या सेवकाला 'मोलेदेत'कडे पाठवतो, तेव्हा सेवक हारानच्या प्रदेशात जातो (२४:४). पण देव याकोबाला 'मोलेदेत'कडे परत जा म्हणतो, तेव्हा ती वाट कनानाची आहे (३१:३). आजोबांचा शब्द तोच, पण नातवासाठी त्याची दिशा उलटी झाली. जेथे तो जन्मला आणि जेथे देवाने वचन दिले, ते त्याचे ठिकाण ठरले.

तरीही मूळ पुसले जात नाही. पुढे इस्राएली मनुष्य प्रथमफळ अर्पण करताना आपला पूर्वज भटका अरामी होता, अशी कबुली देई (अनुवाद २६:५). इब्री ११:१४-१६ मध्ये लेखक सांगतो की, सोडलेल्या देशाकडे परतण्याची संधी असूनही हे लोक अधिक चांगल्या, म्हणजे स्वर्गीय देशाची आस धरून राहिले. मूळ गाव आपल्याला ओळख देते. वारसा मात्र देव देतो.

४. दगडांची रास आणि भाकर

शेवटी मामा-भाचे गिलादाच्या डोंगराळ प्रदेशात समोरासमोर आले. दगडांची रास रचली गेली. लाबानाने तिला अरामी भाषेत 'यगर-सहदूथा' म्हटले, याकोबाने इब्रीत 'गलेद' म्हटले (३१:४७). दोहोंचा अर्थ एकच, साक्षीची रास. कुटुंब एक, भाषा दोन. राशीपलीकडे वाईट हेतूने जाऊ नये असे ठरले. मग ते एकत्र जेवले, आणि सकाळी लाबानाने नातवंडांचे व मुलींचे मुके घेऊन त्यांना आशीर्वाद दिला. सीमा स्पष्ट झाल्यावरच निरोप सुखाचा झाला.

पुतण्या निघाला त्या सकाळी मामा गप्प होते. मामींनी मात्र भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बंधू स्वतः जाऊन मामांशी बोलणार आहेत. नाताळात दोन्ही घरांतून एकमेकांना शुभेच्छा गेल्या.

सुटीत आपली मुले गावी जातील. त्यांना तेथील माणसे मनापासून भेटू द्या, आणि जेथे आवश्यक तेथे प्रीतीने 'नाही' म्हणण्यासही शिकवा. बेथेल येथे, मामाचे घर दिसण्यापूर्वीच, देवाने याकोबाला सोबतीचे वचन दिले होते (२८:१५). ते वचन जाताना जितके खरे होते, तितकेच परतताना होते.

मननासाठी प्रश्न

१. परगावी वाढलेल्या आप्तांना आपण 'हाडामांसाचे' मानतो, की केवळ पाहुणे?
२. नात्याच्या नावाखाली आपण कोणाचा हक्क मागत आहोत काय?
३. आपल्या कुटुंबात कोणती 'साक्षीची रास' रचणे बाकी आहे?