काळ्या जमिनीवर खडीची वाट

प्रश्न : रस्त्यापासून घरापर्यंत ६० फूट लांब, १० फूट रुंद वाट आहे. जमीन काळी. टाकलेली खडी पावसाळ्यात चिखलात गेली. आता कोणती खडी टाकू?
– एक वाचक, मैंदर्गी (ता. अक्कलकोट)

उत्तर : खडीआधी खालच्या मातीचा बंदोबस्त करा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेली खडी चाकाखाली रुतणारच. फूटभर माती काढा आणि शेतात पसरा, ती सोन्यासारखी आहे. तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. त्याने चिखल वर येत नाही. त्यावर सहा इंच डबराचे सोलिंग, मग चार इंच मुरूम, दोन थरांत, पाणी मारून रोलरने दाबलेला. मुरूम घेताना ओला करून मुठीत आवळा. गोळा टिकला पण बोटांना चिकटला नाही, तर माल चांगला. मातकट मुरूम खुशाल परत पाठवा.

वर दोन इंच २० मिमीची क्रशरची खडी. नदीचे गोल गोटे दिसतात देखणे, पण चाकाखाली घरंगळतात. फोडलेल्या खडीच्या कडा एकमेकींत अडकतात. तुमच्या मापाला ही खडी एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट लागेल. मुरूम दबतो, म्हणून दोनऐवजी अडीच ब्रास मागवा.

वाट मधोमध दोन-अडीच इंच उंच ठेवा, कडेला दगड उभे गाडा आणि बाहेर चर काढा. चर चुकवू नका. पाणी साचले की सगळा खर्च वाया. काम मेअखेरपर्यंत उरका.